हेरपटाचा दुसरा भाग लिहिताना: थरार नेमका कुठून आणायचा

पहिल्या भागात लेखकाला एक प्रश्न आयता मिळतो: हा माणूस वाचेल का? दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर त्याच माणसाचा चेहरा असतो, त्यामुळे तिकीट काढतानाच प्रेक्षकाला उत्तर कळलेलं असतं. मग जिवाची भीती उरली नाही म्हणून स्फोट वाढवले जातात, देश वाढवले जातात, जास्त गाड्या उलटवल्या जातात. सव्वादोन तासांनी प्रेक्षक दमून बाहेर पडतो आणि त्याला एकही प्रसंग नीट आठवत नाही.

दुसऱ्या भागाचा थरार थकबाकीतून येतो. पहिल्या भागात नायकाने जे मिळवलं, मग ती सुटका असो, जोडीदार असो, नाव असो की कुणाचा विश्वास, त्याची वसुली आता सुरू झाली पाहिजे. ‘तो मरेल का’ या प्रश्नाच्या जागी ‘त्याच्याकडून काय काढून घेतलं जाईल आणि त्यानंतर तो कसा माणूस उरेल’ हा प्रश्न बसवता आला, तर साध्या टॅक्सीतला पाठलागही श्वास रोखायला लावतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच कामासाठी आहेत. उदाहरणं जास्त करून ‘द बॉर्न सुप्रीमसी’ची (२००४, दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास) घेतली आहेत. दुसरा भाग कसा बांधावा याचा इतका स्वच्छ नमुना हेरपटांत क्वचित सापडतो, आणि त्याची सुरुवात आपल्या गोव्यात होते.

पायरी १: थकबाकीची यादी

पटकथेला हात घालण्याआधी पहिला भाग दोनदा पाहा. एकदा सलग, मग कागद-पेन घेऊन, थांबवत थांबवत. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, कोण जिवंत राहिलं आणि दुखावलं गेलं. दुसऱ्यात, कोणती गोष्ट अर्धवट सांगून सोडून दिली. तिसऱ्यात, नायकाने कोणाला कोणता शब्द दिला किंवा कोणतं खोटं सांगितलं. पंधरा-वीस नोंदी सहज निघतात. त्यातली एक मुख्य धरा, एक तिच्या जोडीला ठेवा आणि उरलेल्या खोडून टाका. खोडायला जीवावर येतं, पण चार-चार बाक्या एकदम वसूल करायला गेलात की कुठलीच पुरती वसूल होत नाही.

२००२च्या पहिल्या भागाच्या शेवटी जेसन बॉर्न मारेकऱ्याचं काम सोडून प्रेयसी मारीकडे परततो. त्याची स्मृती गेलेली आहे. म्हणजे त्याने आजवर कोणाकोणाला मारलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. ही बाकी पहिल्या भागात उघड दिसत होती, फक्त कोणी मागितली नव्हती. दुसरा भाग तेवढीच उचलतो: बर्लिनमधल्या एका हॉटेलात झालेला नेस्की पती-पत्नींचा खून, बॉर्नची पहिली कामगिरी. १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ने तर याहून साधा मार्ग घेतला. वर्षभरापूर्वीच्या चित्रपटात बॉन्डने डॉक्टर नोला संपवलं होतं, तर आता त्याची संघटना त्याचा सूड घ्यायला निघते.

यात नेहमी होणारी चूक म्हणजे मागे जाऊन नवी बाकी घुसडणं. २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये आधीच्या तीन चित्रपटांतल्या खलनायकांमागे एकच माणूस होता, असं सांगितलं जातं. तीन निरनिराळ्या भीती एका खुलाशात गोळा झाल्या आणि तिन्ही लहान झाल्या. पहिल्या भागात जिची एकही खूण नाही, ती बाकी घेऊ नका. खूण एका शॉटची असली तरी भागतं, पण ती असायला हवी.

पायरी २: पहिली पंधरा पानं

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट. पहिल्या पंधरा पानांत दोन कामं उरकायची: नायकाने मिळवलेलं सुख खरं वाटायला लावायचं आणि ते मोडायचं.

गोव्यातला प्रसंग इथे शॉट-शॉट करून अभ्यासण्यासारखा आहे. बॉर्न आणि मारी समुद्राकाठच्या घरात राहतायत. त्याला रात्री तुकड्या-तुकड्यांनी काही आठवतं, ते तो वहीत टिपून ठेवतो. एक दिवस बाजारात त्याला एक माणूस दिसतो. त्याचे कपडे, त्याची गाडी त्या जागेशी जुळत नाही. एवढ्यावरून तो मारीला गाडीत घालून निघतो. पाठलाग सुरू झाल्यावर तो तिला गाडी चालवायला सांगतो, म्हणजे त्याचे हात मोकळे राहतील. मारेकरी किरिल लांबून नेम धरतो तो ड्रायव्हरवर, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तिथे बॉर्न बसलेला असतो. गोळी मारीला लागते आणि जीप पुलावरून नदीत जाते.

जागा बदलण्याचा तो निर्णय चुकीचा नव्हता. कसलेल्या हेराने तोच घेतला असता. नायकाने मूर्खपणा केला आणि नुकसान झालं, तर प्रेक्षक त्याच्यावर चिडतो. त्याने बरोबर तेच केलं आणि त्यातूनच नुकसान झालं, तर प्रेक्षक त्याच्याबरोबर अडकतो. ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’ (२०१८) हेच तत्त्व वापरतो. बर्लिनच्या रात्रीच्या व्यवहारात नायक ईथन सहकारी लुथरचा जीव वाचवायचं ठरवतो आणि तेवढ्यात प्लुटोनियमचे तीन गोळे हातचे जातात. ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) बॉन्डची वरिष्ठ एम गोळी झाडायचा हुकूम देते आणि ती बॉन्डलाच लागते. पहिल्या पंधरा मिनिटांत घेतलेला एक समर्थनीय निर्णय पुढचा सगळा चित्रपट ओढत नेतो.

एक ताकीद द्यायलाच हवी. नायकाची जोडीदार मारून त्याला पेटवायचा मार्ग फार झिजला आहे. तो घ्यायचाच असेल, तर तिचं म्हणणं शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवा. मारी मरण्याआधीच्या क्षणी बॉर्नशी वाद घालत असते: मारण्यावाचून पर्याय नाही, हे तिला मान्य नसतं. पुढे खरा गुन्हेगार, सीआयएचा अधिकारी ॲबट, बंदुकीच्या टोकावर असताना बॉर्न त्याला सोडतो, ते तिच्या त्या म्हणण्यामुळे. असं काही नसेल तर तो मृत्यू नुसतं इंधन ठरतो आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

पायरी ३: खलनायकाची तारीखवार वही

नायकाचे सीन लिहिण्याआधी खलनायकाची पूर्ण योजना वेगळ्या वहीत तारखांसह लिहा, आणि नायक या गोष्टीत नाहीच असं समजून लिहा. योजना त्याच्यावाचूनही पुढे सरकली पाहिजे.

‘सुप्रीमसी’ची वही अशी होईल. सात वर्षांपूर्वी सीआयएचे दोन कोटी डॉलर लंपास झाले. चोर दोघे: आतला ॲबट आणि रशियातला तेलाचा धनाढ्य ग्रेटकोव्ह. राजकारणी नेस्की आतल्या माणसाचं नाव फोडणार होता, म्हणून बॉर्नकडून त्याचा काटा काढला. आज बर्लिनमध्ये त्या प्रकरणाच्या फाइली विकत घेतल्या जाणार आहेत. किरिल तिथे माणसं मारतो, फाइली आणि पैसे उचलतो आणि बॉर्नच्या बोटाचा ठसा मागे ठेवतो. मग गोव्यात बॉर्नला संपवायचं, म्हणजे तपास मेलेल्या माणसापाशी येऊन थांबेल. बिनचूक योजना. फसते ती एकाच जागी: गाडीत बसायच्या जागा बदललेल्या असतात.

वही तयार झाली की पटकथेच्या दर दहा पानांसमोर एक ओळ लिहा: या वेळी खलनायक काय करतोय? ओळ सुचली नाही, तर तो नायकाची वाट बघत बसला आहे असं समजा. तिथे कितीही धावपळ दाखवली तरी ताण उरत नाही. दुसऱ्या भागांत मधली अर्धी गोष्ट ढिली पडते, ती बहुतेक याच कारणाने.

पणाला किती माणसं लावली आहेत, याने भीती वाढत नाही. शहर उडणार, देश उडणार, जग उडणार हे तिन्ही प्रेक्षकाला सारखंच वाटतं. शहरातला एक चेहरा ओळखीचा हवा.

पायरी ४: कोणाला काय माहीत आहे

प्रत्येक मोठ्या सीनसाठी चार रकाने करा: नायक, विरोधक, अडकलेला तिसरा माणूस आणि प्रेक्षक. प्रत्येकाला त्या क्षणी काय ठाऊक आहे ते लिहा. चौघांना सारखंच ठाऊक असेल तर तो सीन माहिती सांगण्याचा झाला, थराराचा नाही.

तिसऱ्या बॉर्नपटातला (२००७) लंडनच्या वॉटर्लू स्टेशनचा प्रसंग या तक्त्यावर मांडून पाहा. बॉर्न एका पत्रकाराच्या खिशात फोन सरकवतो आणि लांबून सूचना देत राहतो: आता चाल, आता थांब, आता वाक. न्यूयॉर्कमध्ये बसलेले अधिकारी स्टेशनचे कॅमेरे पाहतायत, पण पत्रकार कोणाशी बोलतोय ते त्यांना सुरुवातीला कळत नाही. नेमबाज वर कुठेतरी पोहोचलाय, हे आपल्याला दिसतं. पत्रकाराला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याला फक्त कानातला आवाज ऐकू येतो. शेवटी तो भलत्याच माणसाला घाबरून सूचना मोडतो आणि मारला जातो. इथे गोळी एकच लागते, तरी काही मिनिटं मान वळवता येत नाही, कारण प्रत्येक सूचनेबरोबर रकान्यांतली माहिती हलत असते.

सीन लिहून झाल्यावर प्रत्येक दहा-बारा ओळींनी तपासा: एका तरी रकान्यात बदल झाला का? नसेल तर त्या ओळी कापा.

पायरी ५: अ‍ॅक्शनचा सीक्वेन्स बांधणं

सव्वादोन तासांच्या चित्रपटात मोठे सीक्वेन्स चारच ठेवा. पाचवा घातला की पहिल्याची किंमत कमी होते. प्रत्येकी पाच ते सात मिनिटं, आणि दोघांमध्ये निदान आठ-दहा मिनिटांची उसंत, ज्यात कोणीतरी काहीतरी ठरवतं. सात मिनिटांच्या सीक्वेन्सला साधारण सहा वळणं लागतात, म्हणजे दर मिनिटा-सव्वा मिनिटाला परिस्थिती बदलली पाहिजे. नुसतं ‘आणखी एक गुंड आला’ हे वळण नव्हे. नायकाला बेत बदलायला लावतं ते वळण.

लिहिताना हा क्रम ठेवा. आधी उद्देश एका वाक्यात: कुठून कुठे जायचंय आणि काय आणायचंय. मग जागा. मग नियम: काय केलं तर सगळं संपेल. मग हातातलं साधन. त्यानंतर साधन बिघडणं. मग नायकाने जागेवर शोधलेला उपाय. आणि शेवटी किंमत, जी पुढच्या सीनमध्ये दिसली पाहिजे: जखम, हरवलेली वस्तू, गमावलेला माणूस किंवा फुटलेलं बिंग.

‘मिशन: इम्पॉसिबल – घोस्ट प्रोटोकॉल’ (२०११) हा मालिकेतला चौथा भाग. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफावरचा त्यातला प्रसंग सगळ्यांना उंचीसाठी आठवतो. पण तो चालतो बिघाडांवर. सर्व्हरपर्यंत आतून वेळेत पोहोचता येत नाही, म्हणून बाहेरून चढायचं. काचेला चिकटणाऱ्या हातमोज्यांतला एक मध्येच बंद पडतो. ईथन खाली परततो तोवर मुखवटे बनवणारं यंत्रही बिघडलेलं असतं. या मालिकेची सगळ्यांत ओळखीची युक्तीच लेखकांनी काढून घेतली, आणि मग दोन मजल्यांवरचे दोन सौदे उघड्या चेहऱ्याने करावे लागले. दुसऱ्या किंवा पुढच्या भागासाठी हा धडा फार मोलाचा आहे: पहिल्या भागात जे साधन हमखास चाललं, ते इथे सर्वांत गरजेच्या वेळी चालता कामा नये. (याच चित्रपटाचा शेवट मुंबईत, गाड्या आपोआप वरखाली करणाऱ्या पार्किंगमध्ये होतो. तिथलीही मारामारी सरकत्या फलाटांच्या नियमावरच रचली आहे.)

उपकरणं दोनच ठेवा. प्रत्येकाची ओळख वापराच्या निदान अर्धा तास आधी, आणि वेगळ्या निमित्ताने करून द्या. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली ब्रीफकेस अजूनही याचा उत्तम पाठ आहे. लंडनच्या ऑफिसात बॉन्डला ती दाखवली जाते: आत पन्नास सोन्याची नाणी, लपवलेला सुरा, आणि खिट्ट्या आडव्या न फिरवता उघडली तर अश्रुधूर. पुढे आगगाडीच्या डब्यात मारेकरी ग्रँटने बॉन्डला गुडघ्यावर बसवलेलं असताना बॉन्ड त्याला नाण्यांची लालूच दाखवतो. ग्रँट केस नेहमीसारखी उघडतो. प्रेक्षकाला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, ग्रँटला नसतं. शेजारच्या डब्यातून मदत आली असती, तर त्याच प्रसंगाची काडीची किंमत राहिली नसती.

पायरी ६: नकाशा, कॅमेरा, कात्री

‘सुप्रीमसी’त एक शॉट सरासरी दोन सेकंदांच्या आसपास टिकतो. त्यानंतर वर्षानुवर्षं अनेकांनी नुसता हलता कॅमेरा आणि झटपट कट उचलले आणि प्रेक्षकांचं डोकं दुखवलं. मूळ चित्रपटात गोंधळ का होत नाही? हालचालीची दिशा कटनंतरही तीच राहते. आवाज कट ओलांडून पुढे चालू राहतो. आणि लांबचा शॉट अधूनमधून जागा पुन्हा सांगून जातो. तिसऱ्या भागाला तर संकलन आणि ध्वनीच्या दोन्ही विभागांत ऑस्कर मिळाले. त्या वेगामागे कान आणि डोळे मिळून काम करतायत.

तुमच्यासाठी कामाची पद्धत अशी. लोकेशनची रेकी, म्हणजे आगाऊ पाहणी, करताना वरून दिसेल तसा नकाशा हाताने काढा, दारं, जिने, खांब दाखवा. नायकाचा मार्ग एका रंगाने, विरोधकाचा दुसऱ्याने. दोघांच्या मधली रेषा ठरवा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा; बाजू बदलायची तर शॉट चालू असताना प्रेक्षकासमोर बदला. दर पंचवीस-तीस सेकंदांनी सगळी जागा दाखवणारा निदान तीन सेकंदांचा शॉट घ्या. एडिट झाल्यावर तो भाग आवाज बंद करून, कथा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा: कोण कोणाच्या मागे आहे, दार कुठे आहे? त्याला कागदावर काढून दाखवता आलं नाही, तर संगीत कितीही वाढवलं तरी उपयोग नाही.

वेग पटकथेची जागा भरू शकत नाही. २००८चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’ आधीच्या चित्रपटाच्या शेवटाला लगटून सुरू होतो, म्हणजे थकबाकीची निवड अचूक होती. पण नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप होता आणि पटकथा पुरती तयार नव्हती. आपण आणि दिग्दर्शक मिळून सेटवर सीन लिहीत होतो, असं डॅनियल क्रेगने पुढे मुलाखतीत सांगितलं. १०६ मिनिटांच्या त्या चित्रपटात पाठलाग भरपूर आहेत, पण कुठल्या पाठलागाने काय बदललं ते सांगता येत नाही. बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण तयार पटकथा, हातात नसेल तर अ‍ॅक्शनच्या तारखा लावू नका.

पायरी ७: कमी पैशांत

मराठीत किंवा वेबसीरिजच्या बजेटमध्ये हेलिकॉप्टर परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. ‘सुप्रीमसी’तली म्युनिकची मारामारी एका घरात होते, आणि बॉर्नच्या हातात असतं गुंडाळलेलं मासिक. दहा बाय बाराची खोली घ्या. तीन वस्तू निवडा आणि त्या मारामारीच्या आधी सहज दाखवून ठेवा. दोन माणसं, दोन मिनिटं. संगीत वापरूच नका. श्वास, कपड्यांची ओढाताण, भांड्यांचा आवाज फॉलीत (शूटिंगनंतर स्टुडिओत असे आवाज वेगळे रेकॉर्ड करतात ते काम) नीट करून घ्या.

फाइट मास्टरबरोबर निदान तीन दिवस तालीम ठेवा. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पूर्ण मारामारी शूट करून तिचं कच्चं एडिट करा. किती शॉट लागतील ते तिथेच कळतं आणि शूटिंगचा अर्धा दिवस वाचतो. काच ब्रेकअवे (इजा न करता फुटणारी), जमिनीवर मॅट, कोपर-गुडघ्यांना कपड्याआड पॅड, सेटवर प्रथमोपचाराचा माणूस. खरं शस्त्र कधीच नको. खोटं पिस्तूल घेऊन रस्त्यावर शूट करणार असाल, तर परवानगी घेतलेली असली तरी त्या दिवशी स्थानिक पोलीस ठाण्याला वेगळं कळवा. प्रमुख नटाचे धोक्याचे स्टंट वेळापत्रकाच्या शेवटाकडे ढकला. ‘फॉलआउट’च्या वेळी ऑगस्ट २०१७मध्ये लंडनमधल्या इमारतींवरून उडी मारताना टॉम क्रूझचा घोटा मोडला आणि काम कित्येक आठवडे थांबलं. तेवढं थांबणं मोठ्या स्टुडिओला झेपतं, लहान निर्मात्याचा चित्रपट तिथेच संपतो.

पायरी ८: मध्यंतर

आपल्याकडे मध्यंतर असतं, त्यामुळे पटकथेला मधोमध एक जास्तीचा कडा मिळतो. तिथे स्फोट ठेवायचा मोह आवरा. पॉपकॉर्नच्या रांगेत लोकांनी बोलावं असं एखादं सत्य तिथे उघडा: पहिल्या भागातला मित्र कोणाच्या पगारावर होता, किंवा नायकाने वाचवलेला माणूसच आता त्याला का शोधतोय. स्फोट मध्यंतरानंतर, लोक जागेवर परत बसतायत तेव्हा.

पायरी ९: शेवट

मोठा पाठलाग आणि खरा शेवट एकाच सीनमध्ये कोंबू नका. पाठलागाने बाहेरचा प्रश्न सुटतो. पहिल्या पायरीत निवडलेली बाकी त्यानंतर, शांत जागेत फिटली पाहिजे. मॉस्कोत खांद्याला गोळी लागलेला बॉर्न टॅक्सी घेऊन किरिलला चुकवतो, बोगद्यात किरिलची गाडी खांबावर आदळते आणि तो त्याला तसाच सोडून निघून जातो. चित्रपट तिथे थांबत नाही. बॉर्न नेस्कींच्या मुलीच्या घरी जातो. आईने वडिलांना मारून स्वतःला संपवलं, असं तिला आजवर सांगितलं गेलेलं. तो तिला खरं सांगतो: ते मी केलं. समोर हातात बंदूक नसलेली एक मुलगी आहे आणि तरीही संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत अवघड सीन आहे, कारण पळण्याची कला इथे उपयोगाची नाही.

हा सीन आधी लिहा. उरलेली पटकथा त्याच्या दिशेने उलटी लिहीत या.

मसुदा पूर्ण झाला की तीन जणांना वाचायला द्या, आणि त्यातल्या एकाने पहिला भाग पाहिलेला नसावा. त्याला पंधराव्या पानावर थांबवून विचारा की नायकाने काय गमावलं. साठाव्या पानावर विचारा की खलनायक आत्ता काय करतोय. शेवटच्या सीनआधी विचारा की आता नायकाने काय करायला हवं. पहिल्या प्रश्नाला अडखळला तर पायरी दोनवर परत जा, दुसऱ्याला अडखळला तर पायरी तीनवर. तिसऱ्याचं त्याने दिलेलं उत्तर तुमच्या शेवटाशी तंतोतंत जुळलं, तर शेवट बदला. त्याने दोन उत्तरं दिली आणि कुठलं ते ठरवता आलं नाही, तर मसुदा फाइट मास्टरकडे पाठवायला हरकत नाही.